‘जलकिरण’वरचा कॅरम

मित्रांनो, माझा एक कोपरा फुटका आहे म्हणून मला हसू नका. मी एक जुना कॅरम बोर्ड आहे, आणि तो कोपरा कसा फुटला हे कळलं तर तुम्ही त्याच्यावरून हळूच हात फिरवाल. गल्लीतले बाकीचे कॅरम पोरांच्या भांडणात फुटतात. मी कप्तानाच्या दारावर आपटून फुटलो. तेवढा तोरा मला आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म सुरतेच्या कतारगाममधला. तिथे भटू मिस्तरी नावाचा खानदेशी सुतार हिऱ्यांच्या कारखान्यांसाठी मेजं आणि स्टुलं बनवायचा. पण मला त्याने विकण्यासाठी बनवलंच नाही. त्याचा धाकटा भाऊ योगराज जहाजावर खलाशी म्हणून लागला होता, त्याच्यासाठी बनवलं. चांगलं प्लायवूड निवडलं, कडेला जाड लाकडाची चौकट बसवली आणि पॉलिश पेपरने मला इतकं घासलं की माझ्यावर बसलेली माशीही घसरावी. लाल-काळ्या रेषा ओढताना तो श्वास रोखून धरायचा. चारही खिशांच्या जाळ्या त्याने स्वतः विणल्या.

“जहाजावर संध्याकाळी मानसे काय करतस?” त्याने भावाला विचारलं होतं.

“काही नही. आपापली खोली, आपापला पंखा,” योगराज म्हणाला.

“मंग हाऊ लई जा,” भटू म्हणाला, आणि मला जुन्या चादरीत गुंडाळून त्याच्या हाती दिलं.

योगराज आधी सांच्यावर काम करायचा. सुरतेत कापडाच्या मागाला सांचा म्हणतात. डिंडोलीतल्या त्याच्या गल्लीतले बहुतेक जण सांच्यावरच होते. पण त्या खडखडाटाचा त्याला कंटाळा आला. आपल्या गावावरून वाहणारी तापी इथे येऊन समुद्राला मिळते, मग आपणच अर्ध्यात का थांबायचं, असं तो बायकोला म्हणायचा. त्याची बायको उज्ज्वला यावर काहीच बोलायची नाही. ती एकूणच कमी बोलायची. तिची आठवण ठेवा, मित्रांनो. माझ्या गोष्टीत ती शेवटी बोलणार आहे.

तर १९९३ साली मी ‘जलकिरण’ जहाजावर चढलो. हे काही मोठं विलायतेला जाणारं जहाज नव्हतं. हजिऱ्याजवळच्या धक्क्यावरून पोलादी पत्र्याची भेंडोळी भरायची आणि किनाऱ्या-किनाऱ्याने दक्षिणेला जाऊन उतरवायची, एवढंच त्याचं काम. खलाशी ज्या खोलीत जेवत, तिथे एका पिंपावर ओलं फडकं टाकून माझी बैठक मांडली गेली. ओलं फडकं मी घसरू नये म्हणून. पण सोंगट्यांना कोण आवरणार? जहाज जरा कलंडलं की माझ्यावरचा सगळा डाव एका बाजूला धावायचा. कधी राणी आपोआप खिशात पडायची, मग सगळे ओरडायचे, “दर्यानी राणी!” आणि ती खेळाडूच्या नावावर न मांडता समुद्राच्या नावावर मांडायचे. असा खेळ तुमच्या गल्लीत कोणी खेळला नसेल.

माझी खरी काळजी घ्यायचा तो लोटू भंडारी. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. लोटू धुळ्याकडचा, अंगाने गोल, आणि त्याचं तोंड त्याच्या चुलीपेक्षा जास्त वेळ चालायचं. मीठ ओलं आलं म्हणून कुरकुर, बटाटे मोडावले म्हणून कुरकुर, पंखा बंद म्हणून कुरकुर. बोरिक पावडर संपली तर हा बहाद्दर माझ्यावर मैदा भुरभुरायचा. सोंगट्या छान पळायच्या, पण मग झुरळांनाही माझ्यावर खेळायची हौस यायची. सगळ्यांचा तो लाडका होता, पण त्याचं म्हणणं कोणी मनावर घेत नसे. जो दिवसभर बोलतो त्याचं ऐकायचं कशाला, असं सगळ्यांना वाटायचं.

खेळ म्हटला की भांडण आलंच. एकदा फाऊल झाला की नाही यावरून चौघं एकदम ओरडू लागले. तेव्हा धनसुखभाई टंडेल उठले. ते जहाजाचे सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके. दमणजवळचे, पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. त्यांनी स्ट्रायकर उचलला आणि म्हणाले, “हवे सांभळो. स्ट्रायकर जेना हाथमां, ते बोलशे. बीजा बधा चूप.”

तेव्हापासून तो नियम झाला. ज्याच्या हातात स्ट्रायकर तो बोलणार, आणि त्याने तो खाली ठेवेपर्यंत बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. आधी हे खेळापुरतं होतं. मग हळूहळू खेळ थांबवून लोक घरचं बोलू लागले. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, कोणाचा बाप अंथरुणाला खिळला होता. मी गुळगुळीत पाठीने सगळं ऐकत होतो. दिवसभर दोरखंड ओढणारी ही माणसं इतकी बोलू शकतात हे मला ठाऊकच नव्हतं.

कप्तानसाहेब अलिबागकडचे. रविवारी ते खाली येऊन एखादा डाव खेळायचे. एका रविवारी एक नवा खलाशी स्ट्रायकर धरून काही सांगत होता आणि कप्तानसाहेब मध्येच बोलले. धनसुखभाईंनी नम्रपणे हात जोडले. “साहेब, स्ट्रायकर एना हाथमां छे.”

कप्तानसाहेबांनी क्षणभर धनसुखभाईंकडे पाहिलं, मग मोठ्याने हसले आणि स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं. “बरोबर आहे. बोर्ड मांडलेला असेल तिथे नियम सगळ्यांना,” असं ते म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा. लोटूने ते ठेवलं होतं.

पण मित्रांनो, बोर्ड मांडलेला नसेल तिथे जहाजावर दुसराच नियम होता. खलाशाने काही सांगायचं ते सारंगाला. सारंगाने ते मोठ्या ऑफिसरला सांगायचं आणि ऑफिसरने कप्तानाला. एकेक पायरी चढत गोष्ट वर जायची आणि प्रत्येक पायरीवर थोडी बारीक व्हायची. वर पोचेपर्यंत तिच्यात काही उरायचं नाही. कोणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. प्रत्येक जण वरच्याला त्रास नको म्हणून थोडं थोडं मऊ करून सांगायचा.

या मऊपणाने योगराजचा जीव जायची वेळ आली होती.

‘जलकिरण’ हजिऱ्याच्या धक्क्याला लागलेलं होतं. माल भरून झाला होता आणि दुपारच्या भरतीला जहाज सुटायचं होतं. तापीच्या मुखाशी ओहोटी लागली की पाणी कुठच्या कुठे जातं आणि खाली नुसता चिखल उरतो. म्हणून भरती साधायची म्हणजे साधायचीच. आणि योगराज खालच्या खोलीत पोट धरून पडला होता. आदल्या दिवशीपासून दुखत होतं. लोटूने ओव्याचं पाणी दिलं, ते उलटून पडलं. सकाळी तो पाय पोटाशी घेऊन कण्हत होता, अंग तापलेलं होतं.

खलाशांनी धनसुखभाईंना सांगितलं, “तो तळमळतोय.” धनसुखभाईंनी ऑफिसरना सांगितलं, “पोटात फार दुखतं, डॉक्टर येऊन गेला तर बरं.” ऑफिसर खाली आले. त्यांनी विचारल्यावर योगराज घाम पुसत काय म्हणाला असेल? “बरं आहे साहेब, गॅस असेल.” कारण आजारी माणसाला पुढच्या खेपेला बोलावत नाहीत, अशी भीती सगळ्या खलाशांच्या मनात घर करून बसलेली. ऑफिसरनी एक गोळी दिली आणि वर जाऊन सांगितलं, “एकाला जरा अ‍ॅसिडिटी आहे.” कप्तानसाहेब म्हणाले, “ठीक.”

झालं. तळमळणाऱ्या माणसाची अ‍ॅसिडिटी झाली.

एकदा जहाज सुटलं की वाटेत डॉक्टर नाही. धनसुखभाई अस्वस्थ होऊन फेऱ्या मारत होते, पण ऑफिसरना ओलांडून वर जाणं त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी केलं नव्हतं. लोटू एकदा योगराजच्या कपाळाला हात लावायचा आणि एकदा बाहेर पाण्याकडे बघायचा. पाणी चढत होतं. अचानक त्याने मला पिंपावरून उचललं.

“अरे, आता कसला खेळ?” कोणीतरी चिडून म्हणालं.

लोटू काहीच बोलला नाही. मित्रांनो, लोटू बोलला नाही, यातच तुम्ही काय ते समजा.

त्याने मला काखोटीला मारलं आणि जिना चढू लागला. जहाजाचे जिने अरुंद आणि उभे, मी रुंद आणि तोही रुंद. दोन्ही कठड्यांना मी घासत होतो. वाटेत ऑफिसर भेटले, त्यांनी विचारलं, “भंडारी, कुठे?” तर हा नुसता पुढे. कप्तानसाहेबांच्या दाराशी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की दार ठोठावायला हातच मोकळा नाही. मग त्याने माझ्यानेच दार ठोठावलं. कच्चकन आवाज झाला आणि माझा कोपरा फुटला. भटू मिस्तरीने जपून बसवलेला कोपरा होता तो. मला दुखलं, खोटं कशाला सांगू?

आत नकाशे पसरलेले होते. लोटूने मला त्या नकाशांवरच मांडलं. कप्तानसाहेबांचे डोळे विस्फारले. ते काही बोलणार तोच लोटूने खिशातून स्ट्रायकर काढून उंच धरला.

“साहेब, बोर्ड मांडलेला आहे,” तो म्हणाला.

कप्तानसाहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं.

“योगराज बरा आहे म्हणतो ते खोटं आहे साहेब. तो घाबरून तसं म्हणतो. तुम्ही खाली या, एकदा त्याला बघा, मग खुशाल जहाज सोडा.”

एवढंच. बटाट्यांवर अर्धा तास बोलणारा माणूस एवढंच बोलला. मग त्याने स्ट्रायकर माझ्या मधोमध ठेवला आणि कप्तानसाहेबांच्या दिशेने सरकवला. आता बोलायची पाळी त्यांची होती. ते रागावू शकत होते, त्याला घालवू शकत होते. माझ्या फुटक्या कोपऱ्यातून कुसळं लोंबत होती आणि मी वाट पाहत होतो.

त्यांनी स्ट्रायकर उचलला, मुठीत धरला आणि ते थेट जिना उतरले.

खाली काय घडलं ते मला लोटूकडून नंतर हजार वेळा ऐकायला मिळालं. कप्तानसाहेबांनी योगराजच्या पोटाला हात लावला आणि तो ओरडला. ते तसेच वर आले आणि माझ्यासमोर उभं राहून त्यांनी वायरलेसवर एजंटला बोलावलं. एजंट म्हणजे किनाऱ्यावरचा कंपनीचा माणूस.

“मला गाडी पाहिजे. एक माणूस इस्पितळात न्यायचाय.”

पलीकडून खरखरत उत्तर आलं, “साहेब, आता कशी गाडी? गेटचे पास कोण करणार? भरती निघून जाईल. पुढच्या बंदरावर बघू ना. आणि धक्क्याला दुसरं जहाज—”

“मी बोलतोय. मध्ये बोलू नका,” कप्तानसाहेब म्हणाले. स्ट्रायकर अजून त्यांच्या मुठीत होता आणि ती मूठ त्यांनी माझ्यावर टेकवली होती. “गाडी येऊन माझा माणूस गेटाबाहेर जाईपर्यंत या जहाजाचा एकही दोर सुटणार नाही.”

गाडी आली, पण उशिरा आली. योगराजला स्ट्रेचरवरून उतरवलं तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. कंपनीचे मोठे साहेब वायरलेसवर ओरडत राहिले, आणि आमची ‘जलकिरण’ पुढच्या भरतीपर्यंत चिखलात म्हशीसारखी निवांत बसून राहिली. तिला तसं बसलेलं पाहून मला झाला तितका आनंद आधी कधीच झाला नव्हता.

योगराजचं अपेंडिक्स होतं. आणखी उशीर झाला असता तर ते पोटात फुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. कतारगामला निरोप गेला, भटू धावत आला, ऑपरेशन झालं आणि योगराज वाचला.

त्यानंतर जहाजावर बरंच बदललं. कप्तानसाहेबांनी दर रविवारी खेळाआधी बैठक ठेवली. मी मध्ये, आणि भोवती खलाशी, सारंग, ऑफिसर, सगळे. स्ट्रायकर हातोहात फिरायचा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीतला गंज निघाला, जुने दोरखंड बदलले गेले. ऑफिसर सुरुवातीला तोंड वाकडं करून बसायचे, मग एका रविवारी त्यांनीच स्ट्रायकर मागितला आणि आपल्याला झोप पुरत नाही म्हणून सांगितलं. लोटूचा पंखा मात्र शेवटपर्यंत आला नाही. सगळंच मिळतं असं नाही, मित्रांनो. पण मागता येतं, हेच मोठं होतं.

जहाज पुन्हा हजिऱ्याला लागलं तेव्हा लोटू आणि धनसुखभाई मला घेऊन योगराजला भेटायला डिंडोलीला गेले. भटूने माझा कोपरा सांधावा, हाही एक बेत होता. घरात गर्दी जमली. भटू आला होता, शेजारपाजारचे सांच्यावरचे लोक आले होते. मला मधोमध मांडलं आणि लोटूने सगळी हकिकत रंगवून सांगितली. जिना, दार, कप्तानसाहेब, वायरलेस. लोक माना डोलावत होते. “वा! काय आवाज पोचाडा!” कोणीतरी म्हणालं. मला तर फुटका कोपराही मिरवावासा वाटला.

उज्ज्वला चहाचे कप घेऊन आली. तिच्या डोक्यावर पदर होता, कारण भटू तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. जेठासमोर ती कधी चकार शब्द काढत नसे. तिने सगळ्यांना चहा दिला, ट्रे भिंतीला टेकवून ठेवला, हात पदराला पुसले. मग खाली बसली आणि माझ्यावरचा स्ट्रायकर उचलला.

सगळे हसायला लागले. वहिनी खेळणार! पण तिचा चेहरा पाहून हसू विरलं.

“आते माले बोलनं शे,” ती म्हणाली. “तुमनं समदास्नं कोन्हीतरी आयकं. माले मातर कोन्ही काहीच सांगं नही.”

“अगं, तू घाबरशील म्हणून—” योगराजने सुरुवात केली.

तेव्हा भटू बोलला. “मधात बोलू नको. स्ट्रायकर तिना हातमा शे.” असं म्हणताना त्याची मान खाली गेली होती, कारण निरोप दाबून ठेवणाऱ्यांत तोही होता.

“मी आठेच व्हती, डिंडोलीमा,” उज्ज्वला म्हणाली. “त्या तिकडे इस्पितळमा मरनाशी झगडी राह्यंता, अन् मी आठे भाकरी थापी राह्यंती. दोन-तीन दिनमा बाजारमा भाजी लेताना परकी बाईनी माले इचारं, तुना नवरा कसा शे आते? माले परकी बाईनी सांगं! तुमी म्हनतस, घरनी बाई घाबरी जाई. न सांगता मी रोज घाबरस. भरती लागनी का घाबरस, ओहोटी लागनी का घाबरस. माले सांगा. मंग मी एकच येळ घाबरसू, अन् तठे येसू.”

तिने स्ट्रायकर माझ्यावर ठेवला आणि योगराजकडे सरकवला.

माझी पाठ लाकडाची आहे म्हणून बरं, नाहीतर तिला शरमेने पोक आलं असतं. इतके रविवार मी सगळ्यांचं ऐकलं अशी माझी घमेंड होती. आणि ज्या घरासाठी ही माणसं समुद्रावर जात होती, त्या घराचं मी कधी ऐकलंच नव्हतं.

योगराजने स्ट्रायकर उचलला. त्याने बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, “चुकनं मन्हं. आतेपासून पहिला निरोप तुले.”

धनसुखभाईंनी त्याच्या हातून स्ट्रायकर घेतला. “आजथी नियम,” ते म्हणाले. “जहाज पर कोई बीमार पडे, तो डॉक्टरनी गाडी निकळे ए पहेलां घरे फोन.”

पुढच्या रविवारी तो नियम कप्तानसाहेबांसमोर माझ्यावर मांडला गेला. त्यांनी एकदा मान डोलावली आणि स्वतःच्या घरचा फोन नंबरही धनसुखभाईंना दिला. मित्रांनो, कप्तानाच्या घरीही कोणीतरी वाट पाहतच असतं.

त्या भेटीत भटूने माझा कोपरा सांधायला घेतला होता, पण लोटूने त्याला अडवलं. “राहू दे मिस्तरी. हाऊ कोपरा माले असाच पाहिजे,” असं तो म्हणाला. म्हणून तो आजवर तसाच आहे.

काही वर्षांनी ‘जलकिरण’ म्हातारी झाली आणि भंगारात गेली. खलाशी दुसऱ्या जहाजांवर गेले, नियम सोबत घेऊन गेले. लोटू जिथे जातो तिथे एक स्ट्रायकर खिशात ठेवतो असं ऐकतो. मी डिंडोलीला आलो. मग माझे वाईट दिवस आले. घरात टीव्ही आला, मी कपाटामागे गेलो. उन्हाळ्यात माझ्यावर पापड वाळत घातले. एकदा गॅसची टाकीही ठेवली होती. मी राग मानला नाही, पण पाठीवर गोल डाग पडला तो पडलाच.

आता योगराजची मुलगी दिपाली मला काढून ओट्यावर मांडते आणि गल्लीतली पोरं जमतात. पावडर कधी असते, कधी नसते. तुम्हीही खेळायला या. माझ्यावर पाण्याचा पेला ठेवू नका, पावसात विसरू नका, माझ्या जाळ्या ओढू नका. फुगलेला बोर्ड पुन्हा सरळ होत नाही.

आणि खेळताना ज्याच्या हातात स्ट्रायकर असेल त्याला बोलू द्या. पण खेळ संपला की एकदा मान वर करून बघा. कोणीतरी चहा देऊन दाराशी उभं असेल. स्ट्रायकर तिच्याकडेही सरकवा.